जवाच्या पाण्याचा पंचनामा

सप्तापूर, धारवाड
८ एप्रिल, बुधवार

तीर्थरूप अण्णाकाका यांच्या पायांशी वेदश्रीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचा असला तरी तो लिहिण्याआधी मी उठून हुबळीच्या दिशेनं खरोखरच वाकले. नुसतं लिहून टाकणं बरं वाटेना. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर दोनदा बघून घेतली.)

तुमची तब्येत कशी आहे? मुतखडा हलला का? मंगलाकाकू म्हणत होत्या की तुम्ही देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाणी पिता, पण मोजून पिता, आणि शेवटचा ग्लास राहिला की रात्रभर तळमळता. हा स्वभाव आपल्या घरात तुमच्यानंतर माझ्याकडेच आला आहे, म्हणून मला तुमची फार काळजी वाटते. आणि मुतखड्याच्याच संदर्भात एक गोष्ट तातडीनं कळवायची आहे. गेल्या आठवड्यात अंबूआत्यानं तुम्हाला फोनवर सांगितलं, ‘अण्णा, वेदूनं जवाचं पाणी घातलंय, झालं की तुला एक बाटली घेऊन येते.’ तुम्ही म्हणालात, ‘बरं बरं, घेऊन ये, घेऊन ये.’ फोन स्पीकरवर होता. तुमचा आवाज इतका उत्साही मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, म्हणून मला अधिकच अपराधी वाटलं. कारण अण्णाकाका, त्या बाटलीत औषध नाही. बिअर आहे. मी केली आहे. घरी. (हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे. कृपया इथं थांबून तुमचा एक ग्लास पाणी पिऊन घ्या. तो आजच्या हिशेबात धरायला हरकत नाही.)

तुम्ही अबकारी खात्यातून निवृत्त झालेले. द्राक्षासवाची बाटलीसुद्धा लेबल वाचून परत फळीवर ठेवणारे. तुमच्या पुतणीनं हे करावं याचं मला काय वाटतं ते मी लिहीत नाही, कारण पंचनाम्यात भावना लिहायच्या नसतात हे तुम्हीच मला शिकवलं. मी सात वर्षांची होते, दम्यामुळे शाळेत घातलं नव्हतं, अप्पांच्या बँकेच्या बदल्या चालू म्हणून मी इथं आत्याकडे होते. अक्षरं आणि आकडे आत्या शिकवायची. सुट्टीला आलात की तुम्ही माझ्याकडून पंचनामे लिहून घ्यायचात. पहिला पंचनामा डब्यातून नाहीशा झालेल्या बेसनाच्या लाडवांचा होता. आधी तारीख, मग वेळ, मग डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. (त्या पंचनाम्यात मी आरोपीचं नावही लिहिलं होतं. ते माझंच होतं.) त्याच पद्धतीनं पुढचं सगळं लिहिते.

कारण असं. बेंगळुरूला बिअर करणारी एक कंपनी आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत यीस्ट सांभाळायला शिकाऊ माणूस हवा आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी एका कॉलेजात तासिकेवर शिकवलं आणि बाकी वेळ अर्ज लिहिले. या अर्जाला उत्तर आलं. मुलाखत चोवीस एप्रिलला. अट एकच: उमेदवारानं स्वतः पाच लिटर बिअर करावी, एक बाटली आणावी आणि पहिल्या दिवसापासूनच्या तापमानाची वही आणावी. तिथल्या स्वाती मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘चव आम्ही शिकवू. वही खरी पाहिजे.’ मी त्यांना मेल करून विचारलं की घरी करायला परवानगी लागते का. त्यांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. तो अंगठा ‘लागते’चा की ‘चालतं’चा, हे ठरवायला मला काही मार्ग नव्हता. मग मी स्वतः नियम वाचला. तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला वेगवेगळी शिक्षा दिसली. याचा निकाल तुम्हीच द्यायचा आहे. ओतून टाक म्हणालात तर मी ओतून टाकेन. वही मात्र राहू द्या.

पाडवा झाल्यावर तिसऱ्या दिवशी, रविवारी, आत्या भजनाला गेलेली असताना मी मोड आणून भाजलेल्या जवांचा काढा केला, हॉप्स नावाची कडू वाळकी फुलं घालून उकळला, निववला, झाकणाच्या पांढऱ्या बादलीत ओतला आणि त्यात यीस्ट सोडलं. झाकणाला भोक, भोकातून नळी, नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात, म्हणजे आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. इथपर्यंत काही कठीण नाही. कठीण पुढं आहे. यीस्टच्या पाकिटावर लिहिलं होतं: अठरा ते वीस अंश. अण्णाकाका, मार्चअखेर धारवाडात अठरा ते वीस अंश तापमान असलेली जागा म्हणजे बँकेचा वातानुकूलित कोपरा, आणि तिथं बादली ठेवू देतील का हे मी विचारलं नाही. (विचारायला गेले होते. रांगेत उभी राहिले आणि परत आले.)

आपल्या घरातली सगळ्यांत गार जागा कोठीची खोली, शहाबादी फरशीमुळे. तिथं मी टबात पाणी भरलं, पाण्यात बादली ठेवली, बादलीला अप्पांचा जुना पंचा ओला करून गुंडाळला, टेबलफॅन लावला आणि बर्फ केलेल्या सहा बाटल्या टबात सोडल्या. पंखा कुणी हलवू नये म्हणून सगळ्याच्या भोवती खडूनं एक वर्तुळ काढलं. तापमापी टबात टाकली आणि वही उघडून समोर बसले. तासाभरात पारा बारावर! बुडबुडा एक नाही. यीस्ट हा जिवंत जीव आहे आणि मी त्याला पहिल्याच दिवशी बर्फात बसवलं होतं.

तेवढ्यात आत्या भजनाहून आली. दारात उभी राहिली. ओला पंचा बघितला, खडूची रेघ बघितली आणि तिथल्या तिथं चप्पल मागं सरकवून म्हणाली, ‘मडीत आहे होय?’ (काकूंच्या माहेरी सोवळं म्हणतात, पण आपल्याकडे मडीच.) मी खरोखर तोंड उघडलं होतं. पण ती पुढं म्हणाली, ‘कशाचं आहे ग?’ मी म्हटलं, ‘जवाचं, आत्या.’ तिनं नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, ‘अण्णासाठी?’ अण्णाकाका, इथं मी जबाब काळजीपूर्वक देते. मी ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही. मी पंख्याची दिशा बदलली.

त्या एका न बोललेल्या शब्दाचे पुढचे दहा दिवस मी भोगले आहेत. आत्यानं बादली ताब्यातच घेतली. आधी मला बर्फ काढायला लावला: ‘गारठलंय ते. दोशाच्या पिठाला असं केलंस तर वर येईल का? दोनच बाटल्या ठेव.’ मग झाडायला आलेल्या अनसूयाला कोठीच्या दारातच अडवून, ‘मुट्टबेडा! मडी आहे, हात लावायचा नाही,’ म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवसापासून ती आंघोळ करून, जपाची माळ घेऊन, रेघेच्या आत पाट मांडून बसायला लागली. पंचा सुकत आला की तांब्यानं पाणी घालायची आणि पुन्हा जपाला बसायची. सोमवारी संध्याकाळी बुडबुडे सुरू झाले तर आत्याचा जप त्यांच्या तालावर चालायला लागला. मी वहीत बुडबुडे मोजून लिहीत होते, मिनिटाला अकरा, बारा. मंगळवारी वेग वाढला तसा जपही वाढला आणि दुपारी तर तिला धाप लागली. (मी नळीच्या ग्लासात थोडं जास्त पाणी घालून बघितलं. आत्याची धाप कमी झाली, पण हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं की नाही अजून माहीत नाही. वहीत नोंद आहे.)

बुधवारी सकाळी सगळ्या घराला पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला. आत्यानं घर पालथं घातलं. फळ्या बघितल्या, पिशव्या बघितल्या, अनसूयाला विचारलं की वेलची केळ्यांचा घड कुठं विसरलीस. मी मात्र शोधायला गेले नाही, कारण वास कुठून येतोय ते मला माहीत होतं. यीस्टला ऊब जास्त झाली की ते असले वास सोडतं, हे माझ्या दुसऱ्या सत्राच्या पुस्तकात होतं. पण माझ्या वहीत तर बर्फ काढल्यापासून तीन दिवस एकोणीस! सकाळी सहा, नऊ, बारा, प्रत्येक वेळी एकोणीस, निळ्या शाईत, सुवाच्य. आत्या रेघेच्या आत आली, पंचा बाजूला केला आणि बादलीच्या पोटावर पालथा हात ठेवला. लहानपणी माझ्या कपाळावर ठेवायची तसाच. म्हणाली, ‘ताप आहे ग याला.’ मी म्हटलं, एकोणीस आहे आत्या, वहीत बघ. ती म्हणाली, ‘वहीला नाही, याला आहे.’

मी टबातली तापमापी काढून बादलीच्या अंगाला पंच्याच्या घडीखाली दाबून धरली. पंचवीस. अण्णाकाका, यीस्ट काम करायला लागलं की स्वतःच गरम होतं. बादलीच्या आत एक आणि बाहेर टबात दुसरंच तापमान असतं. तीन दिवस मी बर्फाच्या बाटलीशेजारच्या पाण्याचं तापमान लिहीत होते. एम.एस्सी.मध्ये मला पहिला वर्ग आहे, तोही इथं नोंदवून ठेवते. तापमापी वाचायला मला आत्यानंच शिकवलं होतं, आणि काखेत धरायची असते, शेजारी ठेवायची नसते, एवढं साधं मी विसरले. त्या दिवशी आत्यानं पंच्यावर दर अर्ध्या तासानं पाणी घातलं, पंखा जवळ ओढला, आणि संध्याकाळच्या दिव्यापर्यंत बादली विसावर आली. केळ्यांचा वास ओसरला. पुढचा आठवडाभर ती एकोणीस-वीसच्या बाहेर गेली नाही. रामनवमीचं गुळाचं पानक सगळ्या आळीला वाटताना मधेच उठून तिनं दोन तांबे पाणी घातलं. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी मी खोडल्या नाहीत. त्यांच्यावर लाल शाईनं लिहिलं: ‘हे टबाचं तापमान आहे. चूक माझी.’ चौथ्या दिवसापासून बादलीचं.

आणि जसजशी वही खरी होत गेली तसतशी मीच तेवढी खोटी राहिले. एक बाई भावाच्या दुखण्यासाठी दहा दिवस पाण्याचे तांबे वाहते, जप करते, आणि आत तिला न सांगितलेली बिअर! मी एकतीस मार्चला सांगायचं ठरवलं, पण धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी एक एप्रिल होता. कबुली थट्टा वाटायला नको म्हणून तो दिवस सोडला. दोन तारखेला सकाळी, आत्या तांब्या घेऊन आली तेव्हा रेघेच्या बाहेर उभी राहून मी सगळं सांगितलं. बिअर, बेंगळुरू, चोवीस तारीख, अंगठा, सगळं. आत्यानं ऐकून घेतलं. तांब्या खाली ठेवला. ‘दहा दिवस?’ एवढंच म्हणाली आणि आंघोळीला गेली. त्या दिवशीची तिची ही दुसरी आंघोळ. मी काय समजायचं ते समजले.

त्यानंतर तिनं पंच्याला हात लावला नाही. माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, भात संपला की डाव पुढं करायची, पण शब्द नाही. मी पाणी घालायला जायची तर पाय उचलेना. तिनं सोडलेल्या कामाला मी हात लावणं म्हणजे तिचं सोडणं मान्य करणं, असं काहीतरी वाटायचं. पंचा वाळून पापडासारखा झाला. एकवीस. साडेबावीस. जवळजवळ तेवीस. मी रडत रडत नोंदी केल्या (काही आकडे फुटले आहेत, ते बाजूला पुन्हा लिहिलेत). रविवारी सकाळी, सगळं संपलं असं वाटून, मी यीस्टचं पाकीट टाकून द्यायला उचललं तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, माझ्याच पेन्सिलीच्या रेघेसकट, एक वाक्य दिसलं. शेवटचे दोन-तीन दिवस दोन-तीन अंश ऊब वाढू द्यावी, म्हणजे यीस्ट मागं राहिलेले नको ते वास स्वतःच खाऊन टाकतं. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं, अधोरेखित केलं होतं आणि घाबरून विसरले होते. मला मुद्दाम तापमान वाढवायचा धीर कधीच झाला नसता. आत्याच्या रागानं ते अचूक केलं. तीन दिवस, तीन अंश.

मी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे रुसले नसते तर बिघडलं असतं?’ मी म्हटलं, पुस्तकाप्रमाणे तसंच दिसतं. तिच्या तोंडाचा कोपरा हलला. पण अट घातली: ‘आधी अण्णाला लेखी कळव. फोनवर नको, सगळ्या घराला ऐकू जातं. मग मी बोलते.’ म्हणून हे पत्र. सोमवारी आम्ही दोघींनी मिळून बाटल्या भरल्या (माझ्याशी न बोलता तिनं नरसाळं धरलं). बुडबुडे यावेत म्हणून प्रत्येकीत मोजून साखर घातली आहे, आणखी दोन आठवडे त्या कोठीत राहतील. भरताना चव बघणं भाग होतं. मी जन्मात कधी घेतलेली नाही, त्यामुळे कशी घ्यायची कळेना आणि सवयीनं उजव्या तळहातावर घेतली, तीर्थासारखी. आत्यानं हातावर चापट मारली. जेवढी जिभेला लागली तेवढी कडू होती. कडूच असायला हवी का, हे विचारायला या घरात कुणी नाही.

काकूंना नमस्कार. पाणी वेळेवर प्या.

तुमची आज्ञाधारक (अजूनही),
वेदश्री

ता. क. १. खरी विनंती वर लिहायची राहिली. राहिली असं नाही, धीर झाला नाही. अप्पांना बेळगावला मी परवा अर्धंच सांगितलं, की बेंगळुरूला नोकरीची मुलाखत आहे. कसली ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं यीस्टची. (हे खरं आहे.) ते म्हणाले, ‘अण्णा काय म्हणतात?’ लहानपणापासून ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणतात. मला ही नोकरी हवी आहे, अण्णाकाका. मला काही हवं आहे असं मी सहसा लिहीत नाही, म्हणून हे वेगळ्या ओळीत लिहायला हवं होतं. चोवीस तारखेच्या आधी तुम्ही अप्पांना एक फोन करावा. काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. खोटं काही बोलू नका, मीही बोलणार नाही.

ता. क. २. आत्यानं पत्र वाचलं. म्हणाली, पंचनामा अपुरा आहे. तिच्या सांगण्यावरून पुढचं लिहिते, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तुम्ही गदगला नोकरीत असताना तुमचा पहिला खडा दुखायला लागला, तेव्हा आत्या तुमच्याकडे राहायला आली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुम्ही बिअरची एक बाटली कोटाच्या आत वर्तमानपत्रात गुंडाळून आणलीत. क्वार्टरमध्ये फ्रीज नव्हता. आत्यानं ती ओल्या पंच्यात गुंडाळून खिडकीत ठेवली आणि शेजारच्यांनी विचारलं तेव्हा ‘जवाचं पाणी, मडीत आहे,’ म्हणून सांगितलं. म्हणजे फोनवर तुमचा आवाज का खुलला ते मला आता कळलं. आणि म्हणजे तिनं पहिल्या दिवशी ‘अण्णासाठी?’ विचारलं तेव्हाच तिला सगळं माहीत होतं. मडी म्हटल्याशिवाय या घरात कुणी हात लावायचं थांबतं का, असं ती आता मलाच विचारते. मग इतके दिवस रुसलीस कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘अण्णानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुला मी अक्षरं शिकवली, आणि तू दहा दिवस लावलेस.’ (हा मजकूर धमकी म्हणून लिहिलेला नाही. तसा वाटला तर फाडून टाकावा. तसंच, हे औषध आहे असा माझा कोणताही दावा नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही घेऊ नये.)

ता. क. ३. डॉक्टर हो म्हणाले तर एक घोट घेऊन, कडूच असायला हवी का, तेवढं कळवा. आत्या वीस तारखेनंतर बाटली घेऊन येईल. ती आता माझ्याशी बोलते आहे, बाटल्यांभोवतीचा पंचाही ओला आहे. तिचा निरोप: ‘या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळायची गरज नाही.’